उसनी नजर

आमच्या कंपनीच्या पतसंस्था सॉफ्टवेअरमध्ये व्याजाचं गणित कुणी लिहिलं हे सगळ्यांना माहीत होतं. पिग्मीचा भाग कुणाचा, सोनेतारणाचा कुणाचा, हेही माहीत होतं. छपाईचा भाग मात्र कुणाच्याच नावावर नव्हता. ज्यानं तो लिहिला तो नोकरी सोडून गेला होता, आणि नवा असल्यामुळे ज्याला नाही म्हणता येत नव्हतं अशाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात तो पडला. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती ती. त्यानंतरची माझी जवळजवळ सगळी नोकरी प्रिंटर सांभाळण्यात गेली. लग्नकार्यात कुणी विचारलं, आपण काय करता, तर मी म्हणायचो, "पासबुकं छापतो." समोरचा लगेच पत्रिकांचा भाव विचारायचा.

व्याज चुकलं तर मला ते पुण्यात बसून दिसायचं. शाखेकडून आकडे मागवायचे, तोच हिशेब इथल्या संगणकावर करायचा, चूक सापडायची. कागदावरची चूक अशी हाती लागत नाही. ती दूरच्या शाखेत, तिथल्या प्रिंटरवर, तिथल्या विटलेल्या रिबनीनं, तिथल्या पावसाळी हवेत फुगलेल्या कागदावर झालेली असते. माझ्या टेबलावर तोच प्रोग्रॅम, तीच खाती, आणि छपाई अगदी स्वच्छ. तिथे कुणीतरी उभं राहून माझ्या वतीनं पाहावं लागतं आणि पाहिलेलं मला उपयोगी पडेल अशा शब्दांत सांगावं लागतं. हे काम करायचा पगार त्यांना कुणी देत नसतं. माझं सगळं शिक्षण अशा उसन्या नजरेवर झालं, आणि ते उसनं फेडायची सोयही नव्हती.

पहिले सावकार म्हणजे बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या मागच्या बाजूला बसणारे एक दुरुस्तीवाले काका. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. डॉट मॅट्रिक्सची हेडं ते उघडायचे, झिजलेल्या पिना काढून नव्या बसवायचे. नऊ पिनांचं हेड भिंगाखाली धरून त्यांनी मला दाखवलं, प्रत्येक पिनेमागे तिचा तिचा विद्युतचुंबक कसा असतो, रिबनवर ठोका मारून ती परत कशी येते, आणि एक पिन मोडली की प्रत्येक ओळीतून एकच बारीक पांढरी रेघ कशी धावते. "रेघ आडवी सलग असेल तर माझ्याकडे ये. अक्षरंच भलती आली तर तुमच्याकडे बघा," ही त्यांची वाटणी. मी कॉलेजात मायक्रोप्रोसेसर शिकलो होतो, पण प्रिंटरचं झाकण काढलेलं पाहिलं ते इथेच.

त्यांनी दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हेक्स डंप. एप्सनच्या आणि त्या धाटणीच्या बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांना पुढची ठरावीक बटणं दाबून धरून चालू केलं की प्रिंटर आज्ञा पाळायच्या सोडतो आणि संगणकाकडून आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा आकड्यांत छापतो. ठळक छाप म्हटलं तर ठळक छापत नाही. "मला १बी, ४५ असं आलं" एवढं लिहून देतो. तोपर्यंत आमच्याकडे एकच भांडण रोज चालायचं. हार्डवेअरवाले म्हणायचे सॉफ्टवेअर चुकीचं पाठवतंय, आम्ही म्हणायचो प्रिंटर बिघडलाय, आणि मध्ये शाखेचा मॅनेजर एकतीस मार्चचं तेरीज पत्रक घेऊन उभा. काका म्हणाले, "अरे, भांडता कशाला? काय आलं ते त्यालाच लिहून द्यायला सांगा." कंपनीतल्या कुणालाही ही सोय माहीत नव्हती. प्रिंटरच्या पुस्तिकेत ती छापलेली होती, पण पुस्तिका वाचणारा माणूस जिन्याखाली बसला होता.

देवनागरीच्या छपाईचं मर्मही मला तिथेच कळलं. इंग्रजी अक्षरं प्रिंटरच्या पोटातच असतात. 'ए' पाठवला की 'ए' उमटतो. मराठी अक्षर चित्र म्हणून पाठवावं लागायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट तंत्र तेव्हा अनेक ठिकाणी वापरात होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याच कल्पनेवर बेतलेली घरगुती व्यवस्था होती. हेड एका फेरीत आठ टिंबांएवढीच पट्टी उमटवतं. वरची वेलांटी, शिरोरेषा, अक्षराचं अंग, खालचा उकार हे सगळं एका पट्टीत मावत नाही. म्हणून एक पट्टी छापायची, कागद इंचाचे चोवीस-दोनशेसोळांश भाग पुढे सरकवायचा, मग दुसरी. कागद किंचित जास्त सरकला तर अक्षराच्या पोटातून पांढरी भेग जाते. हेड जाताना एक पट्टी आणि येताना दुसरी छापत असेल, तर जुन्या प्रिंटरात दोन्ही पट्ट्या केसभर इकडेतिकडे होतात आणि प्रत्येक काना कमरेत मोडतो. इलाज म्हणजे एकाच दिशेनं छापण्याची आज्ञा: एस्केप, यू, एक. वेळ जवळपास दुप्पट, पण काना सरळ. ही आज्ञा काकांना तोंडपाठ होती. मराठी वाचकाला काना मोडलेला चालत नाही, हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं होतं.

आता दुसऱ्या सावकार, मॅडम. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेच्या शाखेत त्या क्लार्क होत्या. संगणक त्यांनी नोकरीत आल्यावरच पहिल्यांदा पाहिला. त्यांचा पहिला फोन आला तो रोजकीर्दीबद्दल: लांबलचक जोडकागदावर मजकूर प्रत्येक पानाला वर वर सरकतो. ही तक्रार जुनीच होती आणि ती करणारे बाकीचे "सगळं हलतंय" एवढंच सांगायचे. मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक पानाला बरोबर एक इंच वर जातं. फूटपट्टी लावलीय. आणि अहो, बारा पानं झाली की परत जागेवर येतं."

याच्यापुढे मला काही शोधायचंच नव्हतं. आपल्याकडे मिळणारा जोडकागद बहुधा बारा इंची, म्हणजे सहा ओळी प्रति इंच या हिशेबानं बहात्तर ओळींचा. प्रिंटर मात्र अमेरिकी मापावर, अकरा इंच आणि सहासष्ट ओळींवर, लावून आला होता. अकरा इंची बारा पानं म्हणजे एकशेबत्तीस इंच; बारा इंची अकरा कागदही तेवढेच. म्हणून बारा पानांनी मेळ बसायचा. फोनवरच त्यांना मागच्या छोट्या खटक्यांपैकी एक वर करायला सांगितला. त्यांनी केसातली पिन काढून तो केला आणि लगेच विचारलं, "बाकीच्या शाखांतले प्रिंटरही बघायला सांगू का?"

त्यानंतर त्यांच्या शाखेतून येणारी तक्रार ही तक्रार राहिली नाही, अहवाल झाला. बिघडलेला कागद त्या फेकायच्या नाहीत. समासात लाल पेनानं मोजमाप लिहायच्या, तारीख घालायच्या आणि गठ्ठा एसटी पार्सलनं स्वारगेटला पाठवायच्या. तो आणायला मी आनंदानं जायचो. ऑफिसात त्यावरून माझी थट्टाही झाली.

त्यांचा सगळ्यात मोठा अहवाल 'ढ'चा. शाखेत ठेवीदारांची यादी छापताना प्रिंटर मध्येच गप्प व्हायचा. पान अर्धवट, दिवा चालू, पडद्यावर काही चूक नाही. दुसऱ्या दिवशी दुसरीच यादी, ती दुसऱ्याच ठिकाणी थांबलेली. गावातल्या संगणकवाल्या मुलानं केबल बदलली, मग प्रिंटर बदलला. व्यवस्थापकांनी वायरिंगला दोष दिला. मॅडमनी काय केलं, तर थांबलेल्या सगळ्या याद्या एकाखाली एक लावल्या आणि प्रत्येक यादीत पुढचं नाव कोणतं यायला हवं होतं ते मूळ रजिस्टरमधून लिहून काढलं. ढमाले. ढवळे. आढाव. एक गाढवे. मला चिठ्ठी आली: "ज्यांच्या नावात ढ आहे त्यांच्यापाशी थांबतं. हसू नका, तपासा."

ऑफिसात सगळे हसले. शाळेपासून 'ढ'च्या नशिबी तेच असतं. पण चिठ्ठीसोबत मी आधी मागितलेला हेक्स डंपही होता, आणि तो प्रत्येक वेळी 'ढ'च्या चित्रात एकाच ठिकाणी संपत होता. आमच्या फाइलमध्ये त्यानंतरचा बाइट होता १ए, म्हणजे दशमानात सव्वीस. डॉसच्या जुन्या रिवाजात सव्वीस म्हणजे 'फाइल संपली'. आमचा प्रोग्रॅम छपाईची फाइल तयार करून एका बॅच फाइलच्या हवाली करायचा आणि ती 'कॉपी' आज्ञेनं मजकूर प्रिंटरकडे ढकलायची. त्या आज्ञेला 'स्लॅश बी' जोडला तर ती डोळे मिटून सगळे बाइट पाठवते. नाही जोडला, आणि समोर प्रिंटर असला, तर ती मजकूर आहे असं समजते आणि सव्वीस दिसला की थांबते. संगणक नव्यानं लावताना कुणीतरी बॅच फाइल हातानं लिहिली होती आणि स्लॅश बी राहून गेला होता. आमच्या 'ढ'च्या चित्रात, पोटाच्या वळणापाशी, एका उभ्या ओळीत नेमकी चौथी, पाचवी आणि सातवी टिंबं काळी होती. त्या तीन टिंबांची बेरीज सव्वीस. बाकी कुठल्याच अक्षरात ती जुळणी येत नव्हती.

दुरुस्ती दोन अक्षरांची. पण त्या दोन अक्षरांपर्यंत जायला एका बाजूनं बुधवार पेठेतला हेक्स डंप लागला आणि दुसऱ्या बाजूनं रजिस्टर उघडून नावं उतरवणारी बाई लागली. मी मधला हमाल. हे विनयानं म्हणत नाही. कामाची विभागणी खरोखर तशी होती.

पुढे उबंटू लिनक्सच्या दोषनोंदींतला एक किस्सा वाचला तेव्हा मला मॅडमच आठवल्या. २००८-०९च्या सुमारास एका गृहस्थांची पत्नी सांगत होती की ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. त्यांनी मंगळवारी करून पाहिलं, खरंच निघेना. आपल्याकडे कुणीतरी अंगारकीचा उपास सुचवला असता. कारण शोधलं तेव्हा ते असं निघालं: ओपनऑफिस छपाईच्या फाइलच्या माथ्यावर तारीख आणि वार लिहायचं. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणाऱ्या 'फाइल' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे ओळखखुणांची यादी असते. तिच्यात अरलँग भाषेच्या एका फाइलप्रकाराची खूण म्हणून १९९१ सालच्या एका मंगळवारची पूर्ण तारीख दिली होती. पण रिकाम्या जागा नीट न बांधल्यामुळे त्या तारखेतला पहिला तुकडा, 'ट्यू', एवढाच जुळवून पाहिला जात होता. म्हणून दर मंगळवारी साधं पत्र अरलँगचा प्रोग्रॅम ठरायचं आणि छपाई नाकारली जायची. दोष ज्यांनी दुरुस्त केला त्यांची नावं नोंदीत आहेत. मला त्या बाई मोठ्या वाटतात. मंगळवारचा संबंध लावून तो बोलून दाखवायला धीर लागतो.

मॅडमनी आमच्याकडून एक गोष्ट भांडून करून घेतली. पासबुकात कुठल्या ओळीपर्यंत छापलं हे प्रोग्रॅम लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करतो. प्रश्न असा, की 'छापलं' कधी म्हणायचं? आमचा प्रोग्रॅम प्रिंटरनं बाइट घेतले की 'छापलं' अशी नोंद करायचा. त्या काळच्या समांतर केबलवरून प्रिंटर सांगू शकतो ते थोडकंच: मी कामात आहे, बाइट मिळाला, कागद संपला, अशासारखं. शाई कागदाला लागली का, पासबुक तिरकं गेलं का, रिबन गुंडाळली गेली का, हे सांगायला त्यात तारच नाही. खातेदार पासबुक घेऊन घरी जायचा, दोन नोंदी कोऱ्या, आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅम त्या ओलांडून पुढे. मॅडम म्हणाल्या, "प्रिंटरनं घेतलं म्हणजे छापलं कसं? स्लिपवर सही झाली म्हणजे पैसे हातात पडले असं आम्ही धरत नाही." त्यांचं म्हणणं, छपाईनंतर पडद्यावर विचारा, नीट उमटलं का, आणि माणसानं हो म्हटल्यावरच नोंद करा.

कंपनीत याला विरोध झाला. प्रत्येक पासबुकाला एक जादा बटण म्हणजे गर्दीच्या दिवशी रांग लांबणार. काही शाखांनी नंतर कुरकुरही केली, आणि ती रास्त होती. शेवटी प्रत्येक शाखेनं ठरवावं अशी सोय ठेवली. जिथे प्रश्न बंद ठेवला तिथून 'ओळी गाळल्या' हे फोन येत राहिले. जिथे चालू ठेवला तिथून थांबले. तरी आजही मला वाटतं की विरोध करणारे चूक नव्हते. रांगेत उभ्या म्हाताऱ्या माणसाचाही त्यात विचार होता.

रिचर्ड स्टॉलमनची प्रिंटरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून त्यांनी कागद अडकला की लोकांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्याचा मूळ प्रोग्रॅम मिळेना, आणि कार्नेगी मेलनमधल्या एका माणसाकडे तो होता तर त्यानं गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. १९८३ साली स्टॉलमननी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशी हा राग होता असं सांगतात. लोक ही गोष्ट स्वातंत्र्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात आधी दिसतं ते निरोपाचं महत्त्व. एका मजल्यावर कागद अडकलाय आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ते कळत नाही. १९९९ मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची पहिली कागदपत्रं आली, तेव्हा 'कागद अडकला', 'कागद संपला' ही कारणं प्रिंटरनं कशी कळवायची हे त्यांत रीतसर लिहिलेलं होतं. रिबन विटली हे मात्र अजून माणसालाच सांगावं लागतं.

नंतर आमच्या बऱ्याच शाखांत लिनक्स आलं. तेव्हा ज्यांचं देणं झालं त्यांना मी कधी पाहिलं नाही. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली आणि १९९९ मध्ये खुली झालेली छपाई व्यवस्था, जिला सगळे 'कप्स' म्हणतात, ती अॅपलनं २००२ मध्ये आपल्या संगणकांत घेतली आणि २००७ मध्ये विकतच घेतली. तीच व्यवस्था आमच्या कोपऱ्यातल्या शाखेच्या जुन्या संगणकावर फुकट चालत होती. २०१९च्या अखेरीस स्वीट अॅपलमधून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी टिल काम्पेटर यांच्या ओपनप्रिंटिंग गटात ते काम चालू राहिलं. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये बाहेर आणलेलं घोस्टस्क्रिप्ट नसतं तर पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या स्वस्त प्रिंटरवर आमचा वार्षिक अहवाल निघाला नसता. शाखांनी सर्रास घेतलेल्या एका छोट्या लेसर प्रिंटरला तर चालू केल्यावर त्याचं स्वतःचं फर्मवेअरही संगणकानं पाठवावं लागायचं, नाहीतर तो नुसता दिवा लावून बसायचा. तो लिनक्सवर चालला तो रिक रिचर्डसन यांच्या फू-टू-झेडजेएस या ड्रायव्हरमुळे. कंपनीच्या मदतीशिवाय, प्रिंटरकडे जाणारे बाइट वाचून वाचून लिहिलेला ड्रायव्हर. तो कोड पहिल्यांदा उघडला तेव्हा जिन्याखालच्या काकांच्या भिंगाची आठवण झाली. दोघांचा धंदा एकच.

आता नवे प्रिंटर ड्रायव्हर मागत नाहीत. आपण काय करू शकतो हे ते स्वतःच सांगतात, संगणकानं तयार पान पाठवायचं. ओपनप्रिंटिंगमध्ये हे काम करणाऱ्यांत भारतातले विद्यार्थीही आहेत. मला याचा आनंद आहे. माझ्या डोक्यातल्या एस्केप आज्ञांची गरज संपत चालली याचं दुःख वगैरे काही नाही. पासबुकाचे प्रिंटर मात्र अजून टकटकतात.

मॅडम निवृत्त व्हायच्या सुमारास आम्ही सॉफ्टवेअरची नवी पुस्तिका काढत होतो. पहिल्या पानावर आभारात त्यांचं नाव घालावं असं मी सुचवलं. मालक म्हणाले, ग्राहकाचं नाव छापलं की बाकीच्या संस्था विचारणार, आमचं का नाही. मी हट्ट धरला आणि परवानगी घेण्यासाठी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "नाव राहू द्या. पासबुकाच्या घडीवर जी ओळ येते ना, ती सोडून पुढे छापायचं मी किती वर्षं सांगतेय? त्या घडीतला आकडा खातेदाराला वाचता येत नाही. माझ्या मागून येणाऱ्या मुलीला तेवढं करून द्या." घडी पासबुकाच्या मापाप्रमाणे बदलते, म्हणून ते काम मागे पडत गेलं होतं. मी त्यांना प्रत्येक प्रकारच्या पासबुकाचं माप विचारलं. त्यांनी फोन धरायला सांगितला आणि फूटपट्टी आणायला गेल्या.